बाळाच्या नाकावर मधोमध गाठ किंवा छिद्र: स्कॅनबद्दल पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात रेडिओलॉजी करते. एमआरआयच्या खोलीबाहेर बाकावर बसलेले आई-वडील, आजी, मामा जे विचारतात ते इथे शक्यतो त्यांच्याच शब्दांत मांडलं आहे. विषय एकच: कपाळाच्या मध्यापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत, अगदी मधल्या रेषेवर, जन्मापासून असलेली गाठ, फुगवटा किंवा बारीक छिद्र. नेहमीची सर्दी, घोळणा फुटणं, नाकाचा वाकडा पडदा, घोरणं यांसाठी हे पान नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. या जागेवरच्या गाठीत स्कॅन होण्याआधी कुणालाही सुई घालू देऊ नका, चिरा देऊ देऊ नका. बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल.

नाकावर टाचणीच्या टोकाएवढं छिद्र आहे आणि त्यातून एक केस बाहेर आलाय. एवढ्याशा गोष्टीला एमआरआय कशाला?

कारण छिद्र केवढं आहे यावरून ते आत किती खोल गेलंय हे कळत नाही.

गर्भ साधारण आठ आठवड्यांचा असताना कपाळाचं हाड आणि नाकाचं हाड यांच्यामध्ये टाळूसारखी मऊ फट असते. मेंदूच्या आवरणाचं एक निमुळतं टोक कवटीच्या तळातल्या छोट्या छिद्रातून खाली उतरतं आणि नाकाच्या कातडीपर्यंत पोहोचतं. पुढे ते टोक मागे सरकतं, वाटेतलं छिद्र बुजतं, आणि हाडं एकमेकांना भिडतात. बहुतेक सगळ्या बाळांमध्ये असंच होतं. एखाद्या बाळात ते टोक मागे जाताना त्याला चिकटलेली कातडी आत ओढली जाते. कातडी आत गेली की तिच्याबरोबर केसांची मुळं, तेलाच्या ग्रंथी आणि सुटणारा कोंडाही आत जातो. म्हणून छिद्रातून केस दिसतो, कधी दह्याच्या कवडीसारखा पांढरा मळ येतो. याला डर्मॉइड म्हणतात, आणि छिद्रातला केस ही त्याची जवळजवळ खात्रीची खूण.

आत ओढल्या गेलेल्या कातडीची ही नळी कातडीखाली दोन-चार मिलिमीटरवर संपलेली असू शकते. नाकाच्या हाडाखालून वर चढून मेंदूच्या आवरणापर्यंत गेलेलीही असू शकते. बोटाने चाचपून हा फरक कुणालाच सांगता येत नाही, कितीही अनुभवी डॉक्टर असले तरी.

डॉक्टर तीन-चार नावं सांगतात. आमच्या बाळाला नेमकं काय आहे?

ते ठरवायलाच स्कॅन. पण नावं ओळखीची असली की भीती थोडी कमी होते.

डर्मॉइड वर सांगितलाच. मधल्या रेषेवरच्या जन्मजात गाठींमध्ये हाच जास्त आढळतो. तो घट्टसर असतो, दाबला तर दबत नाही, बाळ रडलं तरी फुगत नाही.

एन्सेफॅलोसील म्हणजे कवटीच्या तळातली वाट उघडीच राहिली आणि तिच्यातून मेंदूचं आवरण, त्यातलं पाणी, कधी मेंदूचा थोडा भाग बाहेर आला. ही गाठ मऊ आणि निळसर असते, रडताना फुगते, कधी नाडीसारखी उडते. डोळ्यांमधलं अंतर नेहमीपेक्षा जास्त वाटतं. कवटीच्या पुढच्या बाजूचे एन्सेफॅलोसील आग्नेय आशियात जास्त आढळतात, युरोप-अमेरिकेत डोक्याच्या मागच्या बाजूचे जास्त.

तिसरी नेझल ग्लायोमा. इथे वाट बंद झाली, पण मेंदूच्या पेशींचा एक तुकडा बाहेरच राहून गेला. गाठ घट्ट आणि लालसर असते, रडल्यावर मोठी होत नाही. साधारण 60 टक्के मुलांत ती नाकाच्या बाहेर असते, 30 टक्क्यांत नाकाच्या आत, आणि उरलेल्यांत दोन्हीकडे. काही मुलांत एक बारीक देठ आत मेंदूकडे जोडलेला असतो, तो शोधणं हे आमचं काम.

ग्लायोमा मोबाईलवर शोधलं तर मेंदूचा कॅन्सर आला. आम्ही रात्रभर झोपलो नाही.

हा कॅन्सर नाही. ती पसरत नाही, दुसऱ्या अवयवात जात नाही. नाव जुनं आहे, ते तसंच चालत आलंय. मोबाईल बंद करा आणि आमच्याशी बोला.

हे किती मुलांत होतं?

तिन्ही मिळून साधारण 20 ते 40 हजार जन्मांमागे एक. म्हणजे तालुक्याच्या डॉक्टरांनी आयुष्यात एखादंच पाहिलेलं असतं, कधी तेही नाही. त्यांना लगेच ओळखता आलं नाही म्हणून रागावू नका.

सासूबाई म्हणतात, गरोदरपणात ग्रहण पाळलं नाही म्हणून झालं. खरं आहे का?

नाही. ग्रहणाचा, विळीवर भाजी चिरण्याचा, शिवणकाम करण्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. ही घडामोड पहिल्या दोन-तीन महिन्यांत होते. त्यातले पहिले कित्येक आठवडे तर बाईला दिवस गेल्याचंही माहीत नसतं. आईने काही खाल्लं, काही केलं म्हणून डर्मॉइड होत नाही. हे मी मुद्दाम घरच्या सगळ्यांसमोर सांगते, कारण बाळाला मांडीवर घेऊन बसलेली ती मुलगी आधीच खचलेली असते, आणि रिपोर्ट काहीही आला तरी तिला घरी जाऊन त्याच माणसांत राहायचं असतं. कधी वडील एकटे आले तर मी त्यांना विनंती करते की हे घरी जाऊन मोठ्याने सांगा.

एन्सेफॅलोसील निघालं तर मात्र पुढच्या गरोदरपणाचा विचार करण्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञांना आवर्जून सांगा. फोलिक अ‍ॅसिड किती आणि केव्हापासून घ्यायचं, पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत काय बारकाईने बघायचं, हे त्यांना ठरवता येतं.

डॉक्टरांनी बाळाला मुद्दाम रडवलं. असं का?

रडताना डोक्यातल्या शिरांमधला दाब वाढतो. गाठीचा आतल्या पाण्याशी संबंध असेल तर ती त्या क्षणी ताणून फुगते आणि बाळ शांत झालं की बसते. डर्मॉइड आणि ग्लायोमा तशाच राहतात. खरं तर हे तुम्ही घरीही पाहू शकता, त्यासाठी बाळाला रडवायची गरज नाही. अंघोळीच्या वेळी, भूक लागल्यावर ते रडतंच. तेव्हा मोबाईलवर बाजूने वीस-तीस सेकंदांचा व्हिडिओ काढून ठेवा, आणि शांत झोपल्यावर त्याच बाजूने दुसरा. हे दोन व्हिडिओ आम्हाला फार उपयोगी पडतात. पण गाठ फुगली नाही म्हणजे आत काहीच नाही, असं मात्र या तपासणीवरून ठरवता येत नाही.

गावात म्हणतात केसतोड आहे. केस उपटून बिबा लावला की बसेल. करू का?

करू नका. केस उपटू नका, मळ पिळून काढू नका, चुना-हळद नको, बिबा नको, डाग तर अजिबात नको. बिब्याने नाजूक कातडी भाजते आणि जखमेतून जंतू आत शिरतात. नळी मेंदूच्या आवरणापर्यंत गेलेली असेल तर त्याच वाटेने मेंदूज्वर होऊ शकतो, मेंदूत पू होऊ शकतो.

डॉक्टरांनीही गाठ आधी फोडू नये. पू झालाय असं समजून चिरा दिलेली, टाके घातलेली आणि वर्षभराने पुन्हा सुजलेली मुलं माझ्याकडे येतात. चिरा दिल्यावर आत व्रण तयार होतो. मग स्कॅनमध्ये व्रण कुठला आणि नळी कुठली हे ओळखणं अवघड जातं, आणि पुढच्या सर्जनचं कामही. गाठ एन्सेफॅलोसील असेल तर सुई थेट मेंदूच्या पाण्यात जाते. म्हणून तुमच्यासमोर कुणी "लोकलमध्ये (म्हणजे तेवढीच जागा बधिर करून) पाच मिनिटांत काढून टाकू" म्हणालं, तर नम्रपणे पण ठामपणे एवढंच विचारा: आधी स्कॅन करूया का?

खरोखर लाल होऊन पू भरला असेल तर अँटिबायोटिक सुरू करतात, सूज उतरू देतात आणि मग स्कॅन ठरवतात. बाळ सुस्त असेल, ताप जोराचा असेल तर स्कॅन लगेच.

सोनोग्राफीत भागत नाही का? ती स्वस्त आहे आणि भूलही लागत नाही.

सुरुवात तिथून करायला हरकत नाही. छोट्या प्रोबने गाठ पाण्याची आहे की भरीव, तिच्यात रक्ताचा प्रवाह किती, हे पाच-दहा मिनिटांत समजतं. बाळ आईच्या मांडीवर दूध पीत असतानाही मी ही तपासणी करते, जेल थोडं कोमट करून घेते. अडचण अशी की आवाजाच्या लहरी हाडापलीकडे नीट जात नाहीत, आणि आमचा खरा प्रश्न हाडापलीकडचाच असतो. साध्या एक्स-रेचा इथे जवळजवळ उपयोग नाही, त्यावर पैसे घालवू नका.

मग सीटी की एमआरआय? एक डॉक्टर हे म्हणतात, दुसरे ते.

दोघांचंही बरोबर असू शकतं, कारण दोन्ही मशीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात.

सीटी हाड दाखवतो. कवटीच्या तळात, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध, क्रिस्टा गॅली नावाचं हाडाचं एक उभं पातं असतं आणि त्याच्या अगदी पुढे ते छोटं छिद्र, फोरामेन सीकम. पातं दुभंगलेलं दिसलं, छिद्र रुंद दिसलं, तर नळी आत गेली असण्याचा संशय वाढतो. दोन्ही व्यवस्थित असतील तर आत काही असण्याची शक्यता फारच कमी. सीटी काही सेकंदांत होतो, बरीच मुलं भुलीशिवाय पार पडतात.

एमआरआय मऊ भाग दाखवतो: मेंदू, आवरण, पाणी, चरबी, गाठीतला मळ. एन्सेफॅलोसीलमधलं पाणी आतल्या पाण्याशी सलग आहे की नाही, ग्लायोमाचा देठ आत जातोय का, डर्मॉइडची दुसरी छोटी गाठ मेंदूच्या आवरणापाशी बसली आहे का, हे एमआरआयच सांगतो. डिफ्युजन नावाच्या चित्रांत डर्मॉइडमधला मळ बहुतेक वेळा पांढराशुभ्र चमकतो, त्यामुळे छोटी गाठही सापडते. यात रेडिएशन अजिबात नाही. पण वेळ अर्धा ते पाऊण तास, आवाज मोठा, आणि हललं की चित्र बिघडतं.

माझं मत विचाराल तर बाळ वर्षाच्या आतलं असेल तेव्हा आधी एमआरआय. एमआरआयमध्ये नळी आत जाताना दिसली किंवा शंका राहिली, तर ऑपरेशनच्या आधी हाडाचा नकाशा म्हणून नेमक्या त्या भागाचा सीटी. नाकावरून थेट सीटीवर उडी मारू नये, याचं कारण पुढच्या प्रश्नात आहे.

सहा महिन्यांच्या बाळाच्या सीटीत "हाडाला भोक आहे" लिहिलं, नंतर एमआरआय नॉर्मल आला. कुणी चुकलं का?

बहुधा कुणीच नाही. जन्मतः नाकाचं छत आणि कवटीच्या तळाचा हा मधला भाग बऱ्याच अंशी कूर्चेचा, म्हणजे मऊ लवचिक हाडाचा असतो. कूर्चा सीटीत हाडासारखी पांढरी दिसत नाही, तिथे मोकळी जागा असल्यासारखं वाटतं. पहिल्या एक-दोन वर्षांत तिथे हळूहळू हाड तयार होतं. त्यामुळे सहा महिन्यांच्या निरोगी बाळाच्या सीटीतही तिथे फट दिसते. हे लक्षात न घेता रिपोर्ट वाचला की घरात रडारड होते.

याच्या उलट फसवणूक एमआरआयमध्येही होते. मूल मोठं झालं की क्रिस्टा गॅलीच्या हाडात चरबीयुक्त मगज भरतो आणि तो एका प्रकारच्या चित्रात डर्मॉइडसारखाच पांढरा दिसतो. चरबी दाबून टाकणारं दुसरं चित्र घेतलं आणि सीटीशी ताडून पाहिलं की फरक कळतो. म्हणून बाळाचं नेमकं वय, गाठीचा फोटो आणि आधीच्या फिल्म आमच्यापर्यंत पोहोचणं फार गरजेचं आहे.

चिठ्ठीवर नुसतं "एमआरआय ब्रेन" लिहिलंय. चालेल?

डॉक्टरांना फोन करून नीट लिहून घ्या. नेहमीच्या ब्रेन एमआरआयमध्ये काप जाड असतात, साधारण 5 मिलिमीटरचे, आणि नाकाचा शेंडा चित्राच्या बाहेर राहू शकतो. दोन-तीन मिलिमीटरची नळी अशा दोन कापांच्या मध्ये हरवते. इथे 3 मिलिमीटर किंवा त्याहून बारीक काप हवेत, नाकाच्या शेंड्यापासून कवटीच्या तळापर्यंत, आणि बाजूने घेतलेली उभी चित्रं तर हवीतच. नळी असेल तर ती त्या उभ्या चित्रात नाकाच्या हाडाखालून तिरकी वर जाताना एका रेषेत दिसते. चिठ्ठीवर "नाकाच्या मधल्या रेषेवर जन्मजात गाठ, आत मेंदूपर्यंत संबंध आहे का" एवढं असलं तरी रेडिओलॉजिस्टला पुरतं. स्कॅनला गेल्यावर टेक्निशियनदादांनाही बाळाच्या नाकावर बोट ठेवून जागा दाखवा. लाजू नका, त्यांना ते हवंच असतं.

सीटीच्या रेडिएशनने पुढे काही होईल का?

लहान मुलांच्या पेशी झपाट्याने वाढत असतात, शिवाय त्यांच्यापुढे अख्खं आयुष्य असतं. त्यामुळे काळजी मोठ्यांपेक्षा जास्त घ्यायला हवी. मुलाच्या डोक्याच्या एका सीटीत साधारण 2 मिलिसिव्हर्टच्या आसपास मात्रा बसते. माणसाला जमिनीतून, आकाशातून, अन्नातून वर्षभरात जगात सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतात. म्हणजे गरजेचा एक सीटी घाबरण्यासारखा नाही, विनाकारण केलेला दुसरा-तिसरा मात्र टाळायलाच हवा. "मुलांची सेटिंग लावणार ना?" हा प्रश्न निःसंकोच विचारा. वजनानुसार मात्रा कमी करता येते, आणि भाग मर्यादित ठेवता येतो. आधीचा सीटी दुसऱ्या गावी झाला असेल तर त्याची सीडी आणा, कदाचित नव्याची गरजच पडणार नाही.

एमआरआयला भूल द्यावीच लागते का?

तीन महिन्यांच्या आतलं बाळ बहुतेक वेळा भुलीशिवाय होतं. पोटभर पाजायचं, ढेकर काढायची, घट्ट गुंडाळायचं, कानांवर संरक्षण लावायचं आणि झोपलं की अलगद आत घ्यायचं. यासाठी दिव्याचा प्रकाश कमी आणि खोलीत शांतता लागते, आणि कधी तासभर वाट बघावी लागते. घाई करणारे नातेवाईक बाहेरच थांबलेले बरे.

त्यापुढच्या वयात झोपेचं औषध किंवा भूल लागते. ती देताना भूलतज्ज्ञ बाळाजवळच असतात, बोटाला ऑक्सिजन मोजणारी चिमटी असते. सहा-सात वर्षांचं समजूतदार मूल आधी गोष्टीसारखं समजावून सांगितलं तर तसंच निजून राहतं. त्याला मशीनचा ठकठक आवाज आदल्या दिवशी मोबाईलवर ऐकवा.

सर्दी, खोकला, ताप असेल तर लपवू नका. भूल पुढे ढकलतील, नंबर पुन्हा लावावा लागेल, अक्कलकोट किंवा करमाळ्याहून केलेली फेरी वाया जाईल हे मला ठाऊक आहे. तरीही सांगा. कफ भरलेल्या छातीला भूल हा उगाच पत्करलेला धोका आहे.

किती तास उपाशी ठेवायचं? उन्हाळ्यात बाळ कसं राहील?

भूल द्यायची असेल तर साधारण हिशेब असा: जेवण किंवा बिस्कीट 6 ते 8 तास आधी बंद, वरचं किंवा पावडरचं दूध 6 तास, अंगावरचं दूध 4 तास, साधं पाणी 2 तास. नेमक्या वेळा तुमचे भूलतज्ज्ञ सांगतील त्याच पाळा. बाळगुटी, मध, फळाचा गर हे सगळं खाणंच धरायचं. कुणीतरी "एवढंसं चाटवलं तर काय होतंय" म्हणत चाटवतं आणि भुलीत तेच उलटून श्वासात जातं.

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या पुढे असतो. नंबर घेताना बाळाचं वय सांगून सकाळची पहिली वेळ मागा. रात्रीची झोप उपाशीपणात धरली जाते, आणि उन्हाआधी घरी परतता येतं. पंढरपूर, सांगोला, बार्शीकडून येणाऱ्यांनी जमलं तर आदल्या रात्रीच मुक्कामाला यावं. एसटीत भुकेने रडणाऱ्या बाळाला पाजू नका असं आईला सांगणं फार कठीण असतं, आणि तसं सांगण्याची वेळच येऊ नये.

वाळे, ताईत काढलेच पाहिजेत का?

हो. वाळे, मनगट्या, करदोडा, गळ्यातला काळा दोरा आणि त्यातला ताईत, कानातले, टाचणी लावलेलं लंगोट, सगळं. ताईताच्या आत कुठला धातू आहे हे आपल्याला दिसत नसतं. काजळही नको, त्यात धातूचे कण असले तर डोळ्यांजवळचं चित्र विस्कटतं, आणि आपल्याला बघायची जागा नेमकी तीच. बाळासोबत आत येणाऱ्या आईनेही मंगळसूत्र, चमकी, केसातल्या पिना, साडीची सेफ्टी पिन, हे सगळं बाहेर ठेवावं. देवाचा दोरा काढायला जीव होत नाही, हे मी रोज बघते. तो बाहेर आजीच्या मुठीत राहू द्या, स्कॅन झाला की लगेच बांधा.

आई गरोदर असेल तर आत दुसऱ्या कुणीतरी यावं.

हातात सुई लावून रंगाचं इंजेक्शन देतात ते गरजेचं आहे?

प्रत्येक वेळी नाही. जंतुसंसर्ग झाला असेल, गाठ रक्तवाहिन्यांची वाटत असेल, किंवा साध्या चित्रांतून उलगडा होत नसेल तर देतो. त्याआधी किडनीच्या त्रासाबद्दल विचारतो. आधी कुठल्या इंजेक्शनने अंगावर गांधी उठल्या असतील तर जरूर सांगा.

गाठ जन्मतः नव्हती. दोन-तीन आठवड्यांनी लाल ठिपका आला आणि आता शेंड्यावर स्ट्रॉबेरीएवढी झालीय.

ही बहुधा रक्तवाहिन्यांची गाठ, हिमँजिओमा. ती पहिले पाच-सहा महिने झपाट्याने वाढते, मग वर्षानुवर्षं हळूहळू ओसरते. डॉपलर सोनोग्राफीत तिच्यातला जोरदार प्रवाह दिसतो आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर निदान होतं. नाकाच्या शेंड्यावरची मात्र "आपोआप जाईल" म्हणून सोडू नका, आतली कूर्चा दबून नाकाचा आकार कायमचा बिघडू शकतो. प्रोप्रॅनोलॉल या हृदयरोगाच्या जुन्या औषधाने ही गाठ आक्रसते हे 2008 मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं. आता तेच पहिलं औषध. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सुरू करायचं.

नाकपुडीत आत मांसाचा गोळा दिसतो. पॉलिप म्हणाले, काढून टाकू म्हणाले.

थांबा. तान्ह्या बाळाला किंवा दोन-तीन वर्षांच्या मुलाला एकाच नाकपुडीत पॉलिप होणं हे फार क्वचित. अशा वेळी ते एन्सेफॅलोसील नाही हे एमआरआयने सिद्ध होईपर्यंत तुकडाही काढू नये आणि नाकातून नळीही घालू नये. या पानावरचा सगळ्यांत महत्त्वाचा परिच्छेद मला विचाराल तर हाच. बाहेरून नाकावर काहीच दिसत नसतं, त्यामुळे इथेच जास्त फसगत होते.

बाळाला जन्मतःच नाकाने श्वास घेता येत नव्हता. हाच प्रकार का?

तो वेगळा. नाकाची मागची वाट हाडाने किंवा पडद्याने बंद असते, किंवा पुढचं तोंड अरुंद असतं. तान्ही बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात, म्हणून बाळ पिताना निळं पडतं आणि रडलं की गुलाबी होतं. तिथे सीटीच मुख्य. त्याआधी नाकातला शेंबूड ओढून काढायचा आणि नाक मोकळं करणारे थेंब घालायचे, नाहीतर चिकट शेंबूडच पडद्यासारखा दिसतो. पुढचं तोंड अरुंद असलेल्या बाळात वरचा पुढचा दात मधोमध एकच असू शकतो. अशा वेळी मेंदू आणि पिट्युटरी ग्रंथीसाठी एमआरआयही करतात.

रिपोर्टमध्ये नेमकं काय बघायचं?

तीन गोष्टी आहेत का ते बघा: गाठीचं माप आणि जागा, "आत मेंदूपर्यंत संबंध आहे किंवा नाही" याचं स्पष्ट वाक्य, आणि क्रिस्टा गॅली व फोरामेन सीकम कसे दिसले. दुसरं वाक्य नसेल तर रेडिओलॉजिस्टला भेटून विचारा. आम्ही चिडत नाही.

ऑपरेशन कधी, आणि सोलापुरातच होईल का?

डर्मॉइड साधारण एक ते पाच वर्षांच्या दरम्यान, संसर्ग होण्याआधी काढलेला चांगला. नाकाची हाडं बाजूला सरकवणारी ग्लायोमा किंवा पातळ कातडीचं एन्सेफॅलोसील असेल तर एवढं थांबत नाहीत.

गाठ नाकापुरतीच असेल तर अनुभवी कान-नाक-घसा किंवा प्लास्टिक सर्जन ती काढतात. आत गेलेली असेल तर मेंदूचे सर्जनही टेबलाशी हवेत. अशा मुलाला पुण्या-मुंबईच्या, दोन्ही विभाग आणि मुलांचं आयसीयू एकाच छताखाली असलेल्या रुग्णालयात पाठवलं तर त्यात कुणाचा कमीपणा नाही. नळी पूर्ण निघणं महत्त्वाचं. हरळीचं पातं खुडलं आणि काशी मातीतच राहिली तर ती पुन्हा फुटते. डर्मॉइडचा तुकडा राहिला की तेच होतं, कधी कित्येक वर्षांनी. स्कॅनवर एवढा जोर आम्ही देतो तो सर्जनला ती काशी कुठवर गेलीय हे आधी कळावं म्हणून.

खर्चाचं काय?

वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. आपल्याकडे सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, चौकशीची सुरुवात तिथून करा. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला मूल दाखवलंत तर ते पुढे पाठवण्याची चिठ्ठी देतात. ऑपरेशनसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ती मुख्यतः दाखल करून केलेल्या उपचारांसाठी असते, बाहेरून आधीच केलेल्या स्कॅनचे पैसे परत मिळतील असं धरून चालू नका. रेशनकार्ड, आधार आणि बाळाचा जन्मदाखला घेऊन रुग्णालयात या योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला आधी भेटा, बिल झाल्यावर नको.

कोणत्या लक्षणांवर रात्रीसुद्धा निघायचं?

ताप आणि त्याबरोबर सुस्ती, सारख्या उलट्या, मान ताठ होणं, झटका, टाळू फुगणं, गाठ अचानक लाल आणि दुखरी होणं, किंवा एका नाकपुडीतून पाण्यासारखं पातळ सतत गळणं, विशेषतः बाळ पुढे वाकल्यावर. गळणारं ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. नंबरची वाट न बघता थेट अपघात विभागात या, आणि दारातच सांगा की नाकावर जन्मापासून गाठ आहे. ते वाक्य ऐकलं की तपासणाऱ्या डॉक्टरांचा विचार योग्य दिशेने सुरू होतो.

ऑपरेशन झालं. आता फिल्म टाकून देऊ का?

नका टाकू. ऑपरेशननंतर पुन्हा एमआरआय करायचा की नाही, आणि केव्हा, हे नळी किती खोल होती आणि पूर्ण निघाली का यावर सर्जन ठरवतात. तेव्हा जुन्या चित्रांशी ताडून पाहावं लागतं. फिल्म उन्हात आणि पत्र्याच्या पेटीत एकमेकींना चिकटतात, म्हणून सीडी मागून घ्या, तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर करून ठेवा. काढलेल्या गाठीचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आणि ऑपरेशनची नोंद त्याच पाकिटात घाला, आणि पाकिटावर मुलाचं नाव व जन्मतारीख लिहा.